वर्दी

लगीनसराई आणि आगीचा हंगाम
आमच्या मानवतला एकदमच येतात.
मी लग्नांचं शूटिंग करणारा माणूस.
जिंतूरच्या दोन सुपाऱ्या परत केल्या,
स्कूटर विकून चांगला माईक घेतला
आणि नगरपालिकेच्या अग्निशमन केंद्रात जाऊन बसलो,
कॅमेरा तिवईवर,
आग लागायची वाट बघत.
हे आधीच लिहून टाकतो,
नंतर लिहायला लाज वाटेल.

केंद्र म्हणजे पत्र्याचं शेड, दोन बंब.
त्यातला एक दिवाळीपासून नांदेडच्या गॅरेजात.
दुसऱ्याच्या टाकीवर खडूनं लिहिलंय : व्हॉल्व्ह गळतो.
मुख्तारभाई ड्रायव्हर गळतीखाली घमेलं ठेवतात,
चिमण्या येऊन पितात.
हा माझा पहिला शॉट, चाळीस मिनिटांचा.
कुणी विचारलं तर सांगायचो,
चिमण्यांवर फिल्म करतोय.

उद्धव खिल्लारेनं मला शब्द शिकवला :
कॉल नाही म्हणायचं, वर्दी म्हणायचं.
वर्दी आली, वर्दी घेतली, वर्दी खोटी निघाली.
खोटी निघाली की सगळे शिव्या देतात
आणि परतताना मुख्तारभाई चहा पाजतात, स्वतःच्या पैशानं.
रजिस्टर चाळलं. आगी कमी, विहिरी जास्त.
विहिरींबद्दल उद्धव कॅमेऱ्यासमोर
काही बोलला नाही.
मीही दुसऱ्यांदा विचारलं नाही.

त्याच्या घरी नळ बाराव्या दिवशी.
न्हाणीत आंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंब आहे,
पण कुशावर्ता त्याला 'तांब्याचं' म्हणते.
तो शब्द घरात नको.
त्याचे कपडे ती वेगळे धुते.
"कापसाचा वास तीन धुण्यांत जातो," म्हणाली,
आणि पुढं काही म्हणाली नाही.
ते गप्प राहणं मी कापलेलं नाही.

मग विचारलं, "तुमच्या पिक्चरात आग कवा येनार?"
"लागली की."
"मंजे तुमीबी वाटच बघायलाव की."
तिनं बशीत चहा ओतला,
माझ्या पुढ्यात सरकवला.

लागली तेव्हा मी तिच्याच स्वयंपाकघरात होतो,
पौर्णिमाचा नवाचा पाढा रेकॉर्ड करत.
पाथरी रोडची जिनिंग. खिडकीतनं आभाळ तांबूस दिसलं.
पळत सुटावं म्हटलं तर
स्कूटर विकलेली.
कुशावर्ता म्हणाली, "ते बंद करा."
मी लेन्सवर टोपण लावलं.
माईक चालूच राहिला. विसरलो, असं मी सांगतो.

त्यात आहे ते एवढंच :
ताटात जोंधळे निवडल्याचा आवाज.
सक्कंवर अडकलेला पाढा, मग झोपलेल्या लेकराचा श्वास.
लांबून बंब.
"भरून चालला," ती म्हणते.
बऱ्याच वेळानं, "रिकामा आला. खडखडायलाय."
"भरला."
"गेला."
पहाटेपर्यंत सात खेपा. एकीतही चूक नाही,
मी नंतर रजिस्टराशी ताडून पाहिलं.

चौथ्या दिवशी उद्धवनं मला गाठी दाखवल्या,
वरून काळ्या, ओल्या, थंडगार.
हुकानं एक फोडली
तर आत लाल.
वारा लागताच भडकली.
तेव्हा कॅमेरा हातात होता.
तरी तो शॉट मी घेतला नाही,
का ते अजून नीट सांगता येत नाही.

फिल्म शेडमध्येच दाखवली, चादर बांधून.
घरची माणसं खुर्च्यांवर, आम्ही पाईपांच्या गुंडाळ्यांवर.
काळा पडदा आला, तसे मुख्तारभाई म्हणाले,
"लाईट गेली काय?"
"नाही," कुशावर्ता म्हणाली, "हेच हाय."
चौथ्या खेपेला उद्धवनं अंधारात तिच्याकडं पाहिलं.
"तू मोजत होतीस?"

तिनं उत्तर द्यायच्या आत फोन वाजला.
खुर्च्या सरकल्या, बूट वाजले,
चादरीचं एक टोक सुटलं.
काळ्या पडद्यावर तिचाच आवाज सांगत होता, "गेला."
बाहेर खराखुरा बंब वळला, रस्त्याला लागला.
ती मान तिरकी करून ऐकत राहिली.
"आज," ती म्हणाली,
"पूर्ण भरलेला नव्हता."